शेवटच्या बाकावरून गणिताचा पाठ

सर, आज मी तुमच्या जागेवर बसले. वर्गातल्या अगदी शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ टेकवून, मांडीवर गुणांचा कागद घेऊन. बी.एड.च्या पोरापोरींचे गणिताचे वार्षिक पाठ तपासायला मला बाहेरची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. बाक आठवीच्या लेकरांचा, माझे गुडघे काही केल्या मावेनात. तुम्ही एवढे ताडमाड, तुम्ही कसे बसत होता देव जाणे! आम्हाला वाटायचं, तुमच्या कपाळावरच्या आठ्या आमच्या शिकवण्यामुळे पडतात. निम्म्या तरी त्या बाकामुळे असणार, हे आज कळलं.

माझा बी.एड.चा, बाळापूरच्या शाळेतला पाठ तुम्हाला आठवायचं कारण नाही, मला मात्र रोज आठवतो. सरावपाठांच्या दिवसांत वर्ग तोच, धडा तोच, मॅडम तेवढी नवी. लेकरं पाठाच्या पायऱ्यांत आमच्यापेक्षा मुरलेली. मी घाबरून मधेच थांबले, तर पहिल्या बाकावरची पोरगी हळूच म्हणते, "मॅडम, आता उद्देशकथन. आज आपण काय शिकणार, ते सांगा." मी सांगितलं. मग काय, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तरं, सगळ्यांचे हात वर, रंगीत तक्ता वेळेवर लागला, गृहपाठ देते न देते तोच घंटा. 'अ' श्रेणी कुठं जात नाही, म्हणून मी ऐटीत बाहेर आले. तुम्ही बशीत चहा ओतत होता. मान वर न करता म्हणालात, "पाठ बराबर झाला. लेकरं नसती तरी असाच झाला असता." आणि दिला 'क'! बाळापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत मी तुमच्या नावानं जी बोटं मोडली, ती सांगण्यासारखी नाहीत.

आजची शाळा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावातली. पाठ घेणारी पोरगी शेतकऱ्याघरची सून. सासऱ्यांनी हे एकच वर्ष दिलंय, नापास झाली तर शिक्षण बंद, असं शेजारी बसलेल्या तिच्या कॉलेजच्या सरांनी मला आधीच कानात सांगून ठेवलं. विषय समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ. तिनं प्रस्तावनेत रीतीप्रमाणं विचारलं, "तुमचं शेत कोणत्या आकाराचं आहे?" ठरलेलं उत्तर होतं आयत. तेवढ्यात खिडकीजवळची एक पोरगी उठली, "मॅडम, आमचं वावर कोणत्याच आकाराचं न्हाई. कालव्यानं कोपराच कापून नेला. त्याचं कसं काढावं?"

शेजारचे सर माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही म्हणणार, 'बस खाली, ते नंतर बघू.' मी तेच म्हटलं असतं. ती म्हणाली, "ये, काढ बरं फळ्यावर." झालं! वर्ग फळ्याभोवती गोळा. वाकडंतिकडं वावर, त्यावर रेघा. "असं न्हाई, तसं काप!" "काहून? इकडून काप की!" एक तुकडा नेमका समलंब चौकोन निघाला, तो पोरांनीच दोन त्रिकोणांत फोडला. मधेच एका शहाण्यानं बजावलं, "मॅडम, तक्ता लावायचा राहिला." ती म्हणाली, "राहू दे रे." सर, परीक्षकासमोर! आणि सूत्र फळ्यावर पुरतं उतरायच्या आत घंटा झाली.

कागदावर बघते तर उद्देशकथन नाही, शैक्षणिक साधन नाही, मूल्यमापन नाही, गृहपाठ नाही. नियमानं बेरीज केली तर पोरगी सपशेल नापास. शेजारचे सर म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना सारखेच देऊन टाका. काहून तकलीफ घेता? तिकडं जेवणाचे रोडगे थंडे होऊन राहिले." त्यांचाही जीव तिच्यासाठीच तुटत होता, पण मला असा राग आला! म्हटलं, "हिला सारखे कसे देऊ? आज गणित हिच्याच वर्गात झालं." मग एकेक रकाना त्यांच्याशी भांडून भरला. साधन? वावर. मूल्यमापन? फळ्याशी चाललेलं भांडण. गृहपाठाशी ते अडून बसले, म्हणून मी त्यांना खिडकीशी नेलं. मैदानावर पोरं पावलं टाकत शाळेची जागा मोजत होती आणि कोपऱ्यावरून हमरीतुमरीवर आली होती. ते हसले, म्हणाले, "लिहा बाई, लिहा." 'अ' दिला.

ती दाराशी उभी, पदर बोटाला गुंडाळत. "मॅडम, माझा तर पाठच झाला न्हाई." श्रेणी तिला सांगता येत नव्हती, आणि माझ्या तोंडातून तुमचाच आवाज निघाला, "बराबर झाला." तेवढंच, कोरडं. तिचा चेहरा पडला. मी गाडीपर्यंत गेले, ड्रायव्हरला थांबवलं, परत आले आणि म्हणाले, "फार सुंदर शिकवलंस गं." ती तिथंच रडायला लागली. मीही.

तुम्ही आता या जगात नाहीत, हे पत्र कुठं टाकणार? तुमचा 'क' मला पटलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतरही मी पुष्कळ पाठ घेतले, सर, आणि तुम्ही मागं बसलेले असायचात. त्यातल्या एखाद्याला तरी तुम्ही चांगला म्हणायचं होतं. मी अजून वाट बघते.