पाणी मुरण्याचा धडा

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
मे २०२४

प्रिय मंजू,

तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही. पुण्यात बसून तुला वाटत असेल, अप्पांचा राग अजून गेला नाही. तसं नाही गं. सध्या बोलण्यापेक्षा लिहिणं बरं वाटतं.

इथं आठवड्यातून एकदा टँकर येतो. समोरच्या रानात तू बोरं वेचायचीस, तिथं सात मजली इमारत उभी राहिली आणि तिची तिसरी बोअरही कोरडी गेली. परवा पुन्हा खोदायची गाडी धडधडत होती. माणसं जमिनीला भोकं पाडतात आणि शिव्या आभाळाला देतात! यावर मी गावोगाव बोललो, चौकाचौकांत बोललो. टाळ्या मिळाल्या, बोअर थांबल्या नाहीत.

म्हणूनच तू बनवतेस त्या मुलांच्या व्हिडिओ-धड्यासाठी माझा आवाज मागितलास तेव्हा मी हरखलो. पहिल्या धड्यात सगळं ओतलं. मागं हलगी, पडद्यावर माझीच वाक्यं मोठ्या अक्षरांत, भेगाळलेल्या जमिनीचे फोटो आणि त्या सगळ्यावर माझी गर्जना. फुलंब्रीजवळच्या धनगरवस्तीवर आपण तो दाखवला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग तू विचारलंस, पावसाचं पाणी जमिनीत शिरून पुढं कुठं जातं? एकालाही सांगता येईना. मागून वस्तीवरची बानाबाई म्हणाली, "साहेबराव, भाषण लई जोरात झालं, पण पाणी कुठं गेलं ते ऱ्हायलंच की वो!" सगळी वस्ती हसली. तूही हसलीस, ते मला लागलं.

परतताना तू मला समजावत होतीस. नवं काही शिकताना मन एका वेळी थोडंच धरून ठेवतं. जे ऐकायचं तेच वाचायलाही दिलं, तर डोळे अक्षरांत अडकतात आणि चित्र राहून जातं. हलगी काढा, शोभेचे फोटो काढा. काळी माती म्हणाल त्याच क्षणी काळी माती दिसू द्या, मुरूम म्हणाल तेव्हा मुरूम. धड्याचे लहान तुकडे करा, पुढचा तुकडा कधी बघायचा ते मूल ठरवेल. आणि सभेशी नको अप्पा, एका मुलाशी बोला. मी तडकलो. म्हणालो, तू माझ्या शब्दांचे दात काढतेस. रागाशिवाय या देशात काही हलत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. पण परवा टँकरपाशी उभा होतो. नळी पूर्ण सोडली की घागर भरत नाही, पाणी उसळून मातीत जातं. शेजारच्या शालूनं नळी दाबून बारीक धार धरली आणि घागर काठोकाठ भरली. तुझं म्हणणं मला तिथं उमगलं.

नव्या धड्याचे तुकडे माझ्या जुन्या सभांच्या ध्वनिफितींवरून यंत्राकडून माझ्याच आवाजात वदवून घेऊ, असा तू निरोप पाठवलास. नको. तो आवाज हजारोंवर ओरडणारा आहे, यंत्र त्यातून ओरडणंच शिकेल. म्हणून दारं-खिडक्या लावून मीच मोबाइलसमोर बसलो. समोर बानाबाईची नात आहे असं धरलं आणि तिच्याशी बोललो. मधेमधे थांबावं लागलं, पाण्याचे घोट घ्यावे लागले. सगळे तुकडे सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहेत.

आवाज खरखरेल, सांभाळून घे. माझ्या घशात गाठ आहे, मंजू. तुला सांगू नको अशी शपथ तुझ्या आईला मीच घातली होती. येत्या सोमवारी डॉक्टर स्वरयंत्र काढणार आहेत. जगाल म्हणतात, पण बोलता येणार नाही. फोन उचलला असता, तर पहिल्याच शब्दाला तू ओळखलं असतंस. तू मागत होतीस तो हळू आवाज मी कधी दिला नाही. आता दुसरा उरलाच नाही. शेवटच्या तुकड्यात पाणी कातळापर्यंत पोचतं. तिथं धडा संपतो, आणि मग तुझं नाव घेऊन चार शब्द बोललो आहे. पाण्याशी त्यांचा काही संबंध नाही. तुझ्या नियमानं ते जादा आहेत. धड्यातून काढून टाक. तुझ्याजवळ ठेव.

तुझाच,
अप्पा