पुलाखालच्या खुर्चीतून दोन तास उठू देण्याबाबत

प्रति,
मा. नगराध्यक्ष कॅडवालडर बेवन साहेब,
नगरसभा, पेन्त्रे-गॅरो, वेल्स.

विषय : मुलीच्या लग्नापुरते पुलाखालून उठण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : 'बांधणारा खाली बसलेला असेतोवरच पूल सुरक्षित समजावा', हा आपल्या सभेचा ठराव.

महोदय,

१. मी इथेल प्रोदेरो, स्थापत्य अभियंता. चौदाव्या वर्षी कालव्यावर माती वाहिली, पुढे दोन बोगदे खणले, बरेच पूल उभारले. एकही पडलेला नाही.

२. कमानीखालचा लाकडी सांगाडा काढताना बांधणाऱ्याने खाली बसावे, ही आमच्या धंद्याची रीत. त्याप्रमाणे गेल्या शरदात मी खुर्ची टाकून बसलो. कमान केसभरही हलली नाही. मी जेवायला उठलो, तोच दूधवाल्या ट्युडरने अर्ध्या पुलावरून गाडी मागे फिरवली. म्हणाला, "तो उठला म्हणजे त्याला काहीतरी कळलंय." दुसऱ्याच दिवशी आपण वरील ठराव केला आणि पैलतीरी नेणारी नगराची होडीही विकून टाकली.

३. तेव्हापासून मी दिवसभर खालीच आहे. ओटची भाकरी व रस्सा वरून दोरीने येतो. नाताळात मला शिंक आली, तर बाजार अर्ध्या दिवसात उठला. नदी चढली की गुडघे भिजतात, पण पाय वर घेण्याची सोय नाही, लोक पळतात. पेरू देशातून घाटातल्या पुलाचे बोलावणे आले होते, तेही गेले. या नगरात मी खाली नसतानाही निर्धास्त पूल ओलांडतात त्या फक्त मेंढ्या.

४. येत्या शनिवारी माझी एकुलती मुलगी ग्वेनलिअन हिचे लग्न आहे. चर्च पैलतीरी. तिचे म्हणणे, बाबांनी हात धरून नेले नाही तर लग्नच नको. नवरा मुलगा इड्वल, बेकरीवाला, गुणी आहे. तो म्हणतो, "सासरेबुवा, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, म्हणून तर तुम्ही खालीच बसा." वऱ्हाडाचेही हेच मत पडले. मी वर गेलो तर नवरा येत नाही, खाली बसलो तर नवरी जात नाही. माझी बायको मार्गेड दोघांशीही बोलत नाही. माझ्याशी बोलते, पण ते लिहिण्यासारखे नाही.

५. उद्घाटनाच्या भाषणात आपण छातीवर हात ठेवून म्हणाला होता, की या पुलाखाली आपण सहकुटुंब संसार थाटाल. कुटुंबास तसदी नको. शनिवारी दहा ते बारा आपण एकट्यानेच खुर्चीत बसावे, म्हणजे वऱ्हाड निघेल. नकार असल्यास कारण लेखी द्यावे. ते पुलाच्या दोन्ही टोकांना लावीन.

६. साहेब, खरे सांगतो, हा पूल माझ्या हातचा सर्वांत देखणा पूल आहे, आणि त्यावरून मी अजून एकदाही चाललेलो नाही. पोरीचा हात धरून एकदा चालू द्या.

आपला, आणि आपण पुलावर असता आपल्या पायाखालचा,
नम्र
इथेल प्रोदेरो
मुक्काम : मधल्या कमानीखाली
दि. ९ मे १८६१

सोबत : उशी एक. (खुर्ची कडक आहे.)