उत्तरेच्या घळीतल्या उतरंडी

३ डिसेंबर
आलो एकदाचे युटात. आयडाहोहून निघाल्यापासून माझा नवरा ऑरिन एकच सांगत होता, हिवाळाभर राहायला ट्रेलर फुकट, वर पगार, दारात लाल डोंगर, आणखी काय हवं तुला? मला हात-पाय हलवता येतील असं न्हाणीघर हवं होतं. पण सकाळी पडदा सारला आणि माझी कटकट बंद झाली. तांबडालाल कातळ, त्याच्या पायरीपायरीवर रात्रीचा बर्फ भुरभुरलेला, आणि वर निळंशार आभाळ. काम सोपं आहे. तंबूंचा तळ वसंतापर्यंत बंद. आम्ही राखण करायची आणि रोज सकाळी वाटा बघून यायच्या. उघड्या कातळावर पायवाट उमटत नाही, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर दगडावर दगड रचून खुणा केलेल्या असतात. ऑरिन त्यांना उतरंडी म्हणतो.

५ डिसेंबर
तळाची मालकीण वर्ला हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हे. सत्तरीची आहे, पण माझ्याआधी कडा चढते. आज तिने सांगितलं, उत्तरेच्या घळीतल्या उतरंडी पहिल्या बर्फाला पाडायच्या, वसंतात पुन्हा रचायच्या. तिचे वडीलही तेच करायचे. ऑरिन हसला. माणसं चुकतात ती हिवाळ्यात, आणि खुणा नेमक्या तेव्हाच काढायच्या? वर्ला म्हणाली, चुकलेल्याला आम्ही शोधून आणतो, तू फक्त पाड. हा ‘हो’ म्हणाला, तिच्यादेखत सगळ्या पाडल्या आणि उद्या पहाटे जाऊन पहिल्यापेक्षा सुबक रचून ठेवणार आहे म्हणे. माझा नवरा सांगितलेलं काम सोडून बाकी सगळं मन लावून करतो.

८ डिसेंबर
सकाळी त्याच्याबरोबर घळीत गेले. इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही. ऊन वरच्या कंगोऱ्यांना लागलं आणि सगळी घळ आतून उजळली. ऑरिनच्या उतरंडी वळणापाशी संपतात. आज वळणापुढेही होत्या. त्याने रचलेल्या नाहीत, शपथेवर सांगतो. रात्री बर्फ पडला होता, पण त्या दगडांवर कण नव्हता, आणि आजूबाजूला एकही पाऊल नव्हतं. कोणी हौशी येऊन गेला असेल म्हणाला. पुढे जाऊन बघायचं होतं त्याला. मी बाही धरून परत आणलं.

९ डिसेंबर
मी झोपेत असताना एकटाच गेला. दुपार झाली तरी पत्ता नाही. मी धावत गेले. त्याचा माग वळणापर्यंत आहे. पुढच्या कातळावरचा बर्फ उन्हाने वितळलाय, तिथे माग संपतो. घसा बसेपर्यंत हाका मारल्या.

१० डिसेंबर
शेरीफची माणसं आली, कुत्री आली. ढग खाली उतरलेत, हेलिकॉप्टर उडत नाही. आणि वर्ला काय करत होती? माझा नवरा आत असताना उतरंडी पाडत होती. मी तिच्या अंगावर धावून गेले. बाकीच्यांनी धरलं मला. तिने मला बाजूला नेऊन शांतपणे सांगितलं, “पोरी, ज्या खुणेने आपण आत जातो ना, त्याच खुणेने आतलं बाहेर येतं.”
मी म्हटलं, “मग माझा ऑरिनही येईल.”
ती पुढची उतरंड पाडायला वळली.

१२ डिसेंबर
गावातल्या बायका चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचा ट्रे घेऊन आल्या. आमच्याकडे आयडाहोतही हीच रीत. तो ट्रे मयताच्या घरी नेतात. मी तो पायरीवरून खाली भिरकावला. तो मेलेला नाही. नाही मेलेला.
पहाटेच घळीत गेले होते. सगळ्या उतरंडी पुन्हा रचल्या. हातमोज्यांनी दगड सरकतात, म्हणून उघड्या हातांनी. नखं निघाली. मग तिथून खाली रचत आले, थेट ट्रेलरच्या दारापर्यंत. वर्लाचं खरं असेल तर असू दे. काहीही येऊ दे, त्याच्याबरोबर तोही येऊ दे.

१३ डिसेंबर
वळणापुढे आणखी रचल्यात. मी नाही.
ऑरिन म्हणून हाक मारली. आतून उत्तर आलं, नोलीन.
प्रतिध्वनी नव्हता. मी माझं नाव घेतलंच नव्हतं.

१४ डिसेंबर, सकाळ
आला. आला माझा ऑरिन. पायरीवर उभा होता. रडत रडत आत घेतलं, सूप दिलं. त्याने सूपला हातही लावला नाही. वर्लाला कळवायला वॉकीटॉकी उचलला तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, “थांब जरा.” दमला असेल. थंडीने असं होतं माणसाचं.
बूट कोरडे आहेत. बाहेर बर्फात पावलं — बघायची नाहीत मला.
हीटरजवळ बसलाय केव्हाचा. खांद्यावरचा बर्फ अजून तसाच आहे.

दुपार
न्हाणीघरात आहे. कडी लावलीय. वॉकीटॉकी लपवून आणला.
वर्ला बोलली. ऑरिन सापडला. पलीकडच्या घळीत, कपारीखाली, पाय मोडलेला — जिवंत. ढग फाटले म्हणून दिसला. हॉस्पिटलात नेतायत. मग त्याला बोलायला दिलं. त्याचाच आवाज, तुटका, हुडहुडी भरलेला. मी बरी आहे का विचारत होता. मलाच विचारत होता.
जिवंत होता तो. नुसती वाट बघायची होती मी — आणि मी —

बटण दाबायच्या आत दाराबाहेरून उत्तर गेलं. माझ्या आवाजात.
“मी बरी आहे रे. निघालेच तुझ्याकडे.”
वर्ला म्हणाली, ऐकलं गं त्याने, हसला बघ. सावकाश ये, रस्ता निसरडा आहे.
मी ओरडतेय. पोचत नाही. तिला फक्त ते दुसरं —

कडी काढून दार ढकलतेय. हलत नाही. बाहेर दगडावर दगड ठेवल्याचा आवाज येतोय.

आमचा ट्रक सुरू झाला.
हे ज्याला सापडेल त्याने हॉस्पिटलात आधी फोन करा. ऑरिनपाशी जी नोलीन येईल ती मी नाही, तिला त्याच्या खोलीत एकटी —