आईचा वकील

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डिंडोलीचं घर अजून तुमच्याच नावावर आहे. लाइटबिल तुमच्या नावाने येतं, आई ते भरते, कोणाचं काही अडलं नव्हतं. आता तिचे गुडघे गेले, जिना चढवत नाही. म्हणून मी ठरवलं, घर विकायचं आणि तिला अडाजणला आमच्याकडे आणायचं. तुमचे जावई तयार, दलाल तयार, गिऱ्हाईकही तयार. फक्त आधी घराला वारसांची नावं लावायची होती आणि त्यासाठी वकील हवा होता. आई काय, मी सांगेन तिथे सही करेल. एकुलती एक मुलगी, आईचं सगळं बघते, असं लोक म्हणतात आणि मलाही ते ऐकायला आवडतं.

कोर्टाजवळच्या एका वकिलाने मला बोलूच दिलं नाही, दुसऱ्याने फोनमधून मान वर केली नाही. मग तुमची आठवण झाली. घर घेतलं तो दिवस. तुम्ही रातपाळी करून लूमच्या खात्यातून तसेच आला आहात, भुवयांवर कापसाची भुरी. आई आणि मी तुमच्या मागे उभ्या. समोर गुजरातीतला कागद, सगळे म्हणताहेत सही करा, आणि तुम्ही पेनाला टोपण लावता. "समजनं नही, त सही कसाले करू?" शेवटी शेजारच्या गल्लीतून आपल्याकडचा माणूस आला, त्याने अहिराणीत सगळं समजावलं, तेव्हा कुठे तुम्ही सही केली. परत येताना आम्हा दोघींना बजावलंत, की कोर्टकचेरीला आपलाच माणूस गाठायचा, ज्याच्याशी आपल्या बोलीत भांडता येईल असा.

तसा एक उधन्याला सापडला. तिसरा मजला, लिफ्ट बंद, मला धाप लागली. त्याने आधी गाव विचारलं, मग घराचा पत्ता, आणि पत्ता ऐकून हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "ताई, या घरनं काम मी तुम्हनाकरता नही ली सकत. तुम्हनी माय आधीच ई गयी."

मला वाटलं, याचा काहीतरी घोटाळा होतोय. माझी आई बँकेत माझ्याशिवाय जात नाही. लग्नाला कुठली साडी नेसू, हेही मलाच विचारते. ती हे तीन मजले चढली? माझ्या आईने माझ्याविरुद्ध वकील केला, आबा.

तशीच रिक्षा करून डिंडोली गाठली. ती मेथी निवडत बसली होती. मी ओरडायचं ठरवून गेले होते, पण तिच्यासमोर बसून एवढंच विचारलं, तू उधन्याच्या वकिलाकडे गेली होतीस? तिने काहीच नाकारलं नाही. मान खाली घालून निवडत राहिली आणि म्हणाली, "दलालनी मन्हासमोर घर दखाडं. तू माले इचारं का?"

मग भाकरी वाढली. वकील नीट बोलला का तुझ्याशी, असंही विचारलं. आपल्याकडचाच आहे, तुझ्या आबांनी सांगितलं होतं तसाच, म्हणाली. मी जेवले. दुसरं काय करणार होते?

घरी अजून कुणाला बोलले नाही. रविवारी गिऱ्हाईक पुन्हा येणार आहे. येऊ नका म्हणून सांगायला फोन हातात घेतला होता, आबा. अजून लावलेला नाही.