गाडी बाबांनाच

…आणि म्हणूनच सांगतो ताई, हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये. काल तू कागद फाडलास, म्हणून आज परत लिहायला बसलो. वय चोवीस, डोकं ठिकाणावर आहे (उद्या ते उघडणार आहेत, तोपर्यंत तरी), कुणी जबरदस्ती केलेली नाही, उलट सगळे नको नकोच म्हणतायत. मेंदूतली गाठ काढताना काहीही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. तर हेच माझं मृत्युपत्र. आधीचं, फाडलेलं, रद्द.

एक. बँकेत जे असेल ते आणि लॅपटॉप ताईला. फार काही नाहीये, हसू नकोस.

दोन. हीट गन, ती गरम हवा फेकणारी, मावसभावाच्या हाती अजिबात लागू नये. त्याने गाडीचा पांढुरका पडलेला पुढचा बंपर तापवून काळाभोर करून दाखवला तेव्हा सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण तापवल्यावर प्लास्टिकच्या आतलंच तेल वर येतं. थोड्या दिवसांत बंपर परत राखेसारखा. मग पठ्ठ्याने परत तापवला! आतलं तेल संपलं की प्लास्टिक बिस्किटासारखं तडकतं. डाव्या कोपऱ्यातली चीर त्याची आहे, माझी नाही, हे इथे कायदेशीर नोंदवतो. बाकी त्याला सगळं माफ. माझे बूट त्याला द्या, डोळा आहेच त्यांच्यावर.

तीन. गाडी. बाबांनी लग्नाआधी घेतलेली, दोन दारांची. तिच्यात आपण चौघं कधी मावलोच नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कव्हरखाली पडून राहिली. मग मी हट्ट करून माझ्या नावावर करून घेतली. ती परत बाबांना.

काल बाबा स्वयंपाकघरात तुझ्याशी बोलत होते, तेव्हा मी झोपलो नव्हतो. "तो परत आला नाही तर ती दारात नको. मला बघवणार नाही. भंगारवाल्याला सांगून ठेव." तू नळ सोडून भांडी घासत राहिलीस. ताई, काहीतरी बोलायचंस गं.

म्हणून अट अशी की गाडी विकायची नाही, मोडीत काढायची नाही. मी नसलो तर बाबा दिवसभर त्या खुर्चीत भिंतीकडे बघत बसतील. आई गेली तेव्हा बसले होते तसे. त्यांच्या हाताला काहीतरी हवं. वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकूंना विचारलं, ही अट टिकेल का? चष्मा काढून म्हणाल्या, "लिही बाळा. पण कागद दाखवून कुणाला गाडीपाशी नेता येत नाही."

चार. बंपरला रंग मारायचा नाही. पेंटरकाका म्हणतात, काळा मारून मोकळा हो. पण त्याचे पोपडे निघतात. बाबा, तुम्ही असं करा: आधी साबणाने धुवा, मग स्पिरिटने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. कडेच्या पत्र्याला टेप लावा. मग बाटलीतला कोट, म्हणजे प्लास्टिक काळं करणारा लेप, स्पंजवर घेऊन अगदी पातळ लावा, एका वेळी वीतभरच. घाई केलीत तर पट्टे दिसतात. तुमचा हात स्थिर आहे. माझा हल्ली थरथरतो.

सही: मी, धाकटा
साक्षीदार: वकीलकाकू
साक्षीदार: पेंटरकाका (रंगाचं कलम मान्य नाही, तरी सही केली)
ठिकाण: घरामागची शेड. तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दुपारची.

ताई, सह्या झाल्या, पण एक अडलंय. पुढचा बंपर झालाय, मागचा अर्धाच. संध्याकाळी ॲडमिट व्हायच्या आत उरलेला होऊन जाईल. पण गाडी पूर्ण झाली तर बाबांना तिच्यापाशी जायला कारणच उरणार नाही. अर्धवट काम मात्र त्यांना सहन होत नाही, बाह्या वर करतीलच. की माझा हात जिथे थांबला ती रेघ रोज बघून ते आणखी खचतील? मला खरंच कळत नाहीये. तूच सांग, पूर्ण करू की अर्धा ठेवू?