सांगितलं ते गेलं

९ जानेवारी, गुरुवार. रत्नागिरी.

समुद्र पाह्यला! अठ्ठावन्न वर्षांच्या जिंदगीत पहिल्यांदा.

ही वही नातीनं दिली. प्रणाली चौथीत आहे. तिनं बजावलं, आजोबा, रोज लिहायचं आणि शाळेतल्या मराठीत लिहायचं, मले-तुले चालणार नाही. मी तिले मास्तरीणबाई म्हणतो. तर मास्तरीणबाई, पहिल्याच ओळीत चूक झाली. पाह्यला नाही, पाहिला. पहिल्या पानावर तिनं जठारपेठेतल्या घराचा पत्ता आणि लीलाबाईचा फोन नंबर लिहून दिला आहे. म्हातारा हरवला तर असू द्यावा म्हणे.

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. अकोट, अचलपूर, वलगाव, अमरावती. लोकांची तिकिटं फाडली, स्वतः कुठं गेलो नाही. डिसेंबरात रिटायर झालो अन् म्हटलं, आता निघायचं. लीलाबाईचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, तुमीच जाऊन या, पण संक्रांतीच्या आत परता. काल संध्याकाळी अकोल्याहून गाडीत बसलो, आज दुपारी उतरलो.

मांडवीजवळ कुंदाताई नावाच्या विधवा बाईचं जुनं कौलारू घर आहे. माडीवर सहा लोखंडी खाटा, सकाळचा चहा. माझ्यासारख्या हात राखून फिरणाऱ्याले झकास. पिशवी टाकली अन् सरळ जेटीवर गेलो. इथली वाळू काळी, आपल्या वावरातल्या मातीसारखी. ओंजळभर पाणी जिभेवर घेतलं, थुंकलो, अन् एकटाच हसलो. मग पुन्हा घेतलं.

माडीवर आणखी एकच जण आहे, शेवटच्या खाटेवर. माझ्याच वयाचा. बोलका नाही, पण ऐकतो छान. मी त्याले आमच्या ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. अचलपूरचा नत्थुजी, बारा वर्षं माझ्या गाडीवर होता, घाटात गाडी बंद पडली की तिच्याशी बायकोसारखा भांडायचा. तो खूप हसला. शेवटी त्याचं नाव विचारलं तर म्हणाला, नत्थुजी. गाव? अचलपूर.

मी उडालोच. समुद्राच्या काठावर आपल्या मुलखाचा माणूस, अन् नावही तेच!

१० जानेवारी, शुक्रवार.

सकाळी रत्नदुर्ग किल्ला. नत्थुजी सोबत आला. तीन बाजूंनी पाणी अन् वर भगवतीचं देऊळ. खाली मच्छीमारांच्या होड्या शेंगदाण्याच्या टरफलांसारख्या दिसत होत्या. दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बसलो. लीलाबाईनं दिलेली भाकर, तिळाची चटणी आणि ठेचा काढला. नत्थुजीनं ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितला.

त्याच्याशी बोलायला बरं वाटतं. तो प्रश्न विचारतो आणि थांबतो, घाई करत नाही. घरी गेल्यावर आधी कोणाले हाक मारता? वहिनी तुमाले काय म्हणते? मी सांगितलं, काय म्हणणार, अवो, आयकलं का. नातीले लाडानं काय म्हणता, तेही विचारलं. ऐकताना तो डोळे मिटतो. ओठ जरासे हलतात, पाठांतर करणाऱ्या पोरासारखे.

परतल्यावर कुंदाताईंना आमच्या डेपोतली गंमत सांगायला लागलो. तो ड्रायव्हर, घाटात गाडीशी भांडायचा तो. त्याचं नावच आठवेना. बारा वर्षं एका गाडीवर काढली. वही उघडली तेव्हा सापडलं. वय झालं, दुसरं काय.

११ जानेवारी, शनिवार.

थिबा राजवाडा पाहिला, मग एसटीनं गणपतीपुळे. रिटायर कर्मचाऱ्याचा पास दाखवला तर इथला कंडक्टर उठून बसायला जागा देऊ लागला. बरं वाटलं.

पण बसमध्ये एक गोष्ट झाली. गर्दी होती, नत्थुजी उभा होता. एक गुडघा सीटला टेकवून, दोन्ही हात मोकळे. तसं फक्त कंडक्टर उभे राहतात. दोन वर्षं नवशिके पडतात, मग ते अंगात येतं. तो म्हणाला होता, मी शेती करतो. वळणावर माझा तोल गेला, मी समोरच्या बाईवर आदळलो. तो हलला नाही.

संध्याकाळी कुंदाताईंनी विचारलं, गावंडे, उद्या आंबोळ्या करू का? त्या त्याच्याकडे पाहून विचारत होत्या. गावंडे मी आहे. तो म्हणाला, करा ना ताई, मले चालते.

मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही, कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार.

सकाळी घरी फोन लावला. नातीनं उचलला. मी तिला ज्या नावानं हाक मारतो ते तोंडात येईना. ती वाट पाहत होती. आजोबा, म्हणा ना. मी म्हटलं, काय म्हणू? ती हसायला लागली. म्हणाली, आजोबा, तुम्ही असे पुण्याच्या पाहुण्यासारखे काय बोलून राहिले?

फोन ठेवून वही उघडली. मास्तरीणबाई. ठीक आहे, वाचलं. पण वाचून काही हललं नाही आत. दुसऱ्या कोणाच्या नातीचं नाव वाचावं तसं.

तो खाटेवर बसून माझ्याकडेच पाहत होता.

खाली जाऊन कुंदाताईंना विचारलं, शेवटच्या खाटेवरचे नत्थुजी किती दिवसांपासून आहेत? त्या म्हणाल्या, तीन आठवडे होत आले. पण नत्थुजी हे नाव त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं. आला तेव्हा तो आमच्यासारखंच बोलायचा हो, त्या म्हणाल्या, आणि तेही दोनच शब्द. नाव विचारलं तर नुसता बघत राहिला. मला वाटलं, बिचाऱ्याच्या घरात काही झालं असेल. मग हसून म्हणाल्या, आता तो तुमच्यासारखं बोलतो आणि तुम्ही आमच्यासारखं.

'मले' म्हणून पाहिलं. मोठ्यानं. मला, मला, मला. जीभ वळत नाही. कागदावर लिहिता येतं, पण तोंडातून येत नाही.

आता बसून यादी केली. ड्रायव्हरचं नाव त्याला सांगितलं, गेलं. नातीचं लाडाचं नाव सांगितलं, गेलं. बसमध्ये उभं कसं राहायचं ते भाट्याच्या किनाऱ्यावर त्याला करून दाखवलं होतं, तेही गेलं. घराच्या गल्लीची खूण काल सांगितली. आता डोळ्यांसमोर गल्ली आणतो तर फक्त पांढरं ऊन दिसतं.

जे त्याला सांगितलं ते माझ्यातून गेलं. नाहीसं झालं नाही. त्याच्याकडे गेलं.

आता त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. उद्या पहिल्या गाडीनं अकोला.

१३ जानेवारी, सोमवार.

शेवटची खाट रिकामी. माझी पिशवी नाही. फोन, पास, आधार कार्ड, लीलाबाईनं विणलेला स्वेटर, काही नाही. वही उशाखाली होती म्हणून राहिली.

कुंदाताई मला पाहून दचकल्या. म्हणाल्या, गावंडे तर पहाटेच गेले, मी दारापर्यंत पोचवलं. मग निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही ते शेवटच्या खाटेवरचे ना? जाताना ते तुमचं भाडं देऊन गेले हो. देवमाणूस.

स्टेशनवर आलो. चोरखिशात थोड्या नोटा होत्या. मुंबईपर्यंतचं जनरलचं तिकीट काढलं, पुढे बघू.

१४ जानेवारी, मंगळवार. गाडीत.

कल्याणला एका भल्या माणसाच्या फोनवरून घरी फोन लावला. नंबर पहिल्या पानावर होता.

बाईनं उचलला. लीलाबाईच असणार. मी म्हटलं, मी पुंजाराम बोलतोय. ती म्हणाली, कोण बोलता तुमी? ते तं इथं बसून हायेत, तीळगूळ खाऊन राहिले. मागून त्याचा आवाज आला. माझा आवाज. कोण आहे वो? ठेवून दे.

दर तासाला वही वाचतो. पहिल्या पानापासून. माझी बायको लीलाबाई. मुलगा — मुलाचं नाव वहीत नाही. मी ते लिहिलंच नाही. त्याला मात्र सांगितलं होतं.

संडासातल्या आरशात पाहायचं टाळतो.

एक गोष्ट उरली आहे. ती मी त्याला सांगितली नाही. कोणालाच कधी सांगितली नाही, लीलाबाई सोडून. इथंही लिहिणार नाही. ती आत आहे, तोवर मी आहे.

१५ जानेवारी, बुधवार. अकोला.

पत्ता विचारत आलो. एक पोरगा म्हणाला, काका, कोकणातले का तुमी?

निळं फाटक. ओट्यावर तो बसलेला, माझा स्वेटर घातलेला. लीलाबाई शेंगा निवडत होती. मी तिला हाक मारली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. परक्या माणसासमोर करतात तसा.

मी वही उघडून दाखवली. तो म्हणाला, हे तं माही वही हाय, तिकडं चोरीले गेली होती. आतून तरणा माणूस आला. माझाच मुलगा असेल, चेहऱ्यावर लीलाबाईची हनुवटी होती. त्यानं माझा दंड धरला आणि त्याला विचारलं, बाबा, याले पोलिसात देऊ का?

तो म्हणाला, "जाऊ दे रे किशोर. भुकेला असन. भाकर दे त्याले. अन् वही राहू दे त्याच्यापाशी, मले नाही लागत आता."

किशोर. लिहून ठेवलं. किशोर.

मी समोरच्या लिंबाखाली बसलो आहे. नातीला कोणीतरी आत नेलं. ती खिडकीतून पाहते —

त्याच दिवशी, थोड्या वेळानं.

लीलाबाई भाकर घेऊन आली. एकटी. वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी हळूच म्हटलं, किशोरच्या आधी आपल्याला एक मुलगी झाली होती. संक्रांतीच्या दिवशी. अकरा दिवस जगली.

तिनं ताट खाली ठेवलं.

तिनं विचारलं, "हे तुमाले कोणं सांगतलं?"

मी म्हटलं, दर संक्रांतीला मी तिच्या वाटणीचा एक तीळगूळ देवापाशी ठेवतो. कोणाला सांगत नाही. तू पाहतेस आणि तूही बोलत नाहीस.

ती खाली बसली. गुडघे दुखत असूनही बसली. म्हणाली, काल त्यायनं नाही ठेवला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी रातभर जागीच होती, काहून नाही ठेवला म्हणून. माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. ओळख येत होती, खरंच येत होती, अंधारात दिवा लावावा तशी. मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "नाव सांगा तिचं. आपण दोघायनंच ठेवलं होतं. सांगा."

मी सांगितलं.

तिच्या तोंडून निघालं, अवो —

मी वर पाहिलं. फाटकाच्या आत तो उभा. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

मग त्यानं डोळे उघडले. लीलाबाईला हाक मारली. मुलीचं नाव घेऊन म्हणाला, तिचा तीळगूळ राहूनच गेला ना काल, चाल लवकर, ठेवू. त्याचा गळा भरून आला होता. खोटा नव्हता.

लीलाबाईनं माझा हात सोडला. उठली. माझ्याकडे पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं, आणि रडत त्याच्याकडे —

लिहून ठेवतो. आत्ताच. त्यानं आत्ताच घेतलं ते नाव, माझ्या कानांनी ऐकलं. दोनच अक्षरं. अकरा दिवस होती. माझ्या एका हातात मावायची. तिचं नाव आम्ही —

तिचं नाव