फेरभरती

कन्नूर
ता. २१ जून १९८८

चि. सौ. कौसाबाईस,
धर्मराजाचे अनेक आशीर्वाद. मी येथे खुशाल आहे. तुम्हा सर्वांची खुशाली कळवावी.

पत्र लिहिण्यास कारण की, पलटणीतल्या हिंदुरावाच्या भावाच्या लग्नाला साताऱ्यास जातो असे सांगून मी निघालो, पण लग्न नव्हते. पलटणीतून पेन्शनीवर आलेल्यांना डेपोच्या पहाऱ्यासाठी परत घेतात. हिंदुरावाने नि मी, दोघांनी नाव घातले. डॉक्टरी पास होऊन फेरभरती झाली. आता पाच वर्षे तरी पुन्हा रुजू झालो असे समज. पगार बरा आहे, पेन्शनही चालू राहील.

आईला सांभाळून सांग. चिमीने गणिताकडे लक्ष द्यावे. पाऊस कसा आहे ते कळव.

राग धरू नये, माया ठेवावी.
धर्मराज


पालेगाव
ता. ४ जुलै १९८८

श्री. चिमीचे बाबा यांस,
सौ. कौसाचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. चिमी ते आईंना मोठ्यानं वाचून दाखवत होती, ती मधेच थांबली नि माझ्याकडे बघत राहिली. एका जागी तुम्ही नाव घातलं म्हणता, दुसऱ्या जागी फेरभरती, तिसऱ्या जागी पुन्हा रुजू. शब्द बदलून काय होतं? घरात कुणाला न विचारता गेलात, एवढंच मला त्यात दिसतं.

पहिल्यांदा गेलात तेव्हा मी सोळा वर्षांची, मला कोण विचारणार? मधे मुदत वाढवलीत तेव्हा चिमी पोटात होती, आणि ते मला हिरामण भाऊजींकडून कळलं. ही तिसरी खेप. जानेवारीत घरी आलात तेव्हा आईंनी गावभर पेढे वाटले. मी माहेरी सांगून आले की आता रात्रीच्या सोबतीला कुणाला पाठवायला नको. आता लोक विचारतात, धर्मराज लग्नाहून आला नाही का. तुमची बहीण काशीवन्सं जांभूळहून मुद्दाम आल्या नि मलाच विचारलं, तू काही बोललीस का त्याला. म्हणजे गेलात तुम्ही आणि जाब द्यायचा मी.

लावणी हिरामण भाऊजींनी आणि मी केली. पगाराचं लिहू नका, तुम्ही आलात तेव्हा आम्ही उपाशी नव्हतो. इथं तुम्हाला काय कमी पडलं तेवढं लिहा. ते लिहिता येत नसेल तर पत्र पाठवू नका.

मायेचं तुम्हीच बघा.
कौसा


जबलपूर
ता. २ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. कौसास,
अनेक आशीर्वाद.

दोनदा पत्र लिहून फाडले. आता खरे लिहितो. घरात मला काही कमी नव्हते, पण कामही नव्हते. होळीनंतर बांधावरून भांडण झाले, तेव्हा हद्दीचा दगड कुठे आहे हे मला ठाऊक नव्हते, तुला होते. कुणी ओट्यावर आले की मी पुढे होई आणि ते वहिनी कुठे आहेत म्हणून विचारीत. चिमी तापाने फणफणली, मी उशाशी बसलो होतो, तिने हाक तुला मारली. मला कुणी वाईट वागवले नाही. पाहुण्याला वाढावे तसे तुम्ही सगळे मला आग्रहाने वाढत होता. इथे सकाळी उठून कुठे उभे राहायचे ते मला ठाऊक असते. हे तुझ्या तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

ट्रेनिंग संपून इथल्या डेपोवर आलो. हवा मानवते. हिंदुरावाने कुटुंब आणले आहे, रविवारी वहिनी मला भाकरी करून घालतात. खोल्या बऱ्या आहेत.

आईस साष्टांग नमस्कार. चिमीस गोड पापा.
धर्मराज


पालेगाव
ता. १७ ऑक्टोबर १९८८

श्री. चिमीचे बाबा यांस,
सौ. कौसाचा शि. सा. नमस्कार.

बांधाचं नि तापाचं वाचून मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. आम्ही तुमच्यावाचून राहायला शिकलो होतो, ते तुम्हाला टोचलं असेल. पण पत्राच्या शेवटाला आले आणि माझं डोकं फिरलं.

हिंदुरावांनी कुटुंब आणलं. म्हणजे आणता येतं. सतरा वर्षं मी समजत होते की तिकडे बायकांना नेत नाहीत. आईंनाही तुम्ही हेच सांगितलं होतं. तो दगड कुठे आहे ते मी हौसेनं शिकले नाही, बघायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून शिकले. सरकारच्या दारात तुम्ही पुन्हा पुन्हा जाऊन उभे राहिलात, मला घ्या म्हणालात. माझ्यापाशी येऊन एकदाही, चल, असं म्हणाला नाहीत.

काल मी हिरामण भाऊजींशी बोलले. शेत ते बघतील. आईंना नातीवाचून करमणार नाही, पण त्या नको म्हणाल्या नाहीत. चिमीची परीक्षा एप्रिलात संपते. मात्र पत्रानं बोलावू नका, मी येणार नाही. रजा टाका आणि इथं या. या ओट्यावर, आईंच्या नि काशीवन्संच्या समोर, मला विचारा. काय उत्तर द्यायचं ते मी तेव्हा ठरवीन.

माया असेल तर येऊन दाखवा.
कौसा